लाकूड, पाणी आणि हात : शुवैखपासून कोकणातल्या वईपर्यंत

1907 च्या ऑक्टोबरात ब्रिटिशांनी कुवेतचे शेख मुबारक यांच्याकडून शुवैखच्या किनाऱ्यावरची जमीन गुपचूप भाड्याने घेतली. भाडं ठरलं वर्षाला 60,000 रुपये. हो, रुपये! 1961 मध्ये कुवेती दिनार येईपर्यंत तिथे रुपयाच चालायचा. तुमच्यापैकी जे आज शुवैखच्या गॅरेजांच्या आणि हार्डवेअरच्या गल्ल्यांतून ये-जा करतात, त्यांच्यासाठी ही पहिली ओळख: या किनाऱ्याचा हिशेब बराच काळ आपल्या किनाऱ्याशी जोडलेला होता. त्या हिशेबातली सगळ्यात जड वस्तू होती लाकूड.

कुवेतमध्ये साग उगवत नाही. कुवेती जहाजं बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला आणि पुढे मलबारला जात, आणि परतताना लाकूड, काथ्याचे दोर, मसाले आणत. अरबीत सागाला ‘साज’ म्हणतात. आपला ‘साग’ आणि त्यांचा ‘साज’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘शाक’पर्यंत मागे जातात. म्हणजे मालाबरोबर नावही गेलं.

आता खरा प्रश्न. कुवेतमध्ये वर्षाला सरासरी 100 ते 125 मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत 3,000 च्याही वर. मग लाकूड कुजण्याची, सडण्याची काळजी कुवेतच्या माणसाने कशाला करायची?

कारण त्याचं लाकूड समुद्रात उभं होतं. समुद्रात शिंपल्यांच्या कुळातलाच एक लांबट प्राणी असतो, तो लाकूड आतून पोखरतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते आणि आत चाळण झालेली असते. त्यावर कुवेतच्या सुतारांचा उपाय दुहेरी होता. पाण्याच्या वरच्या भागाला माशाचं तेल चोळायचं, म्हणजे उन्हाने फळ्या तडकत नाहीत. पाण्याखालच्या भागाला चुना आणि जनावराची चरबी एकत्र करून लेप द्यायचा. ओहोटीला जहाज वाळूवर टेकलं की खलाशी जुना थर खरवडायचे आणि हाताने नवा थापायचे. लेप धुपला की पुन्हा तेच. एकदा लावला आणि विसरलो, असं त्यात काहीच नव्हतं.

आता कोकणात या. इथे शत्रू वेगळा आहे, बुरशी. तिला चार गोष्टी लागतात: लाकूड, ऊब, हवा आणि पाणी. यातलं पाणीच तेवढं आपल्या हातात असतं. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी वाढत नाही. म्हणून कुंपणाचा खांब नेहमी एकाच जागी मोडतो, जमिनीला लागून. वरचा भाग वाऱ्याने सुकतो, खोल गाडलेल्या भागाला हवा मिळत नाही. मधल्या वीतभर पट्ट्यात मात्र हवाही असते आणि ओलही.

जुन्या घरांनी यावर काय केलं ते बघा. लाकडी खांब जमिनीत पुरलाच नाही, दगडी तळखड्यावर उभा केला. मातीची ओल वर चढायला वाटच ठेवली नाही. पण कुंपणाचा खांब पुरावाच लागतो. मग कुणी त्याचं टोक जाळून काळं केलं, कुणी डांबर लावलं. त्याने थोडं आयुष्य वाढतं, एवढंच. म्हणून कोकणी माणसाने वई टिकवण्याचा हट्ट फारसा धरलाच नाही. मेढी, बांबू आणि काटेरी फांद्यांची वई वरचेवर नव्याने घालायची, हे गृहीतच होतं. जिथे कायमचं हवं, तिथे जांभ्या दगडाचा गडगा रचला. आणि कुठे पांगाऱ्याच्या किंवा शेराच्या फांद्याच रोवल्या. त्या मुळं धरतात. जिवंत झाड ओल्या मातीत कुजत नाही, वाढतं!

‘एकदाच लावा आणि विसरा’ हे औषध नंतर आलं, आणि तेही भारतातून. 1933 मध्ये डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसन यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण शोधलं. दाबाखाली ते लाकडात खोलवर मुरवलं की बुरशी आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. जगभर लाखो घरांची कुंपणं त्यावर उभी राहिली. पण आर्सेनिक म्हणजे विष. ते हळूहळू मातीत उतरतं. 2003 च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरासाठी असं लाकूड बनवणं थांबलं. तुमच्या परसात तेव्हाचं हिरवट झाक असलेलं कुंपण असेल तर ते शेकोटीत जाळू नका, आणि घासताना त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. काळजी घेण्याचा त्रास वाचला, पण त्याची किंमत पुढच्या पिढीच्या मातीने मोजली.

कुवेतमध्ये हातच दुसरीकडे गेले. 1946 मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली, खलाशी आणि सुतार नव्या नोकऱ्यांना लागले, आणि 1960 मध्ये शुवैखला आधुनिक बंदर उघडलं. लाकडी जहाजं विकली गेली किंवा किनाऱ्यावर पडून राहिली. साग तोच होता, लेप लावणारं कुणी उरलं नाही. 1938 साली बांधलेलं ‘फतह अल-खैर’ आज साल्मियाच्या वैज्ञानिक केंद्राबाहेर उभं आहे. त्या काळच्या मोठ्या सागरी जहाजांपैकी तेवढंच उरलं. कुवेतला असाल तर जाऊन बघा, आणि ते टिकलं कशामुळे हे तिथल्या माणसांना विचारा.

तुम्ही सिडनीत असा, लंडनला असा, की पावसाळी सिॲटलमध्ये, परीक्षा एकच आहे. खांबाच्या मुळाशी, मातीला लागून, स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर उशीर झालाय. नाही गेला, तर खांबाभोवतीची पानं आणि माती बाजूला करा, वरच्या कापलेल्या टोकावर झाकण बसवा, तेल लावा. आणि पुढच्या वर्षी पुन्हा लावा. मग गावी फोन करून एवढं विचारा: आपल्याकडे वई कोण घालायचं, आणि आता कोण घालतं?