श्रद्धेचा वारसा आणि एकवचनी उत्तर

ईस्टरच्या आदल्या रात्री वसईतील चर्चमधले सर्व दिवे मालविले जातात. बाहेर नवा अग्नी पेटविला जातो. त्यावर मोठी ईस्टर मेणबत्ती प्रज्वलित होते आणि तिच्या ज्योतीवरून भाविकांच्या हातांतील मेणबत्त्या एकामागून एक उजळतात. बायबलची दीर्घ वाचने होतात, पाण्याला आशीर्वाद दिला जातो. त्यानंतर धर्मगुरू उपस्थितांना प्रश्न विचारतात. सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा त्याग करता काय? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावर श्रद्धा ठेवता काय? सारे चर्च एका आवाजात उत्तर देते.

या विधीच्या मूळ लॅटिन संहितेत एक लक्षणीय गोष्ट आहे. धर्मगुरूंचा प्रश्न अनेकवचनी आहे, कारण तो साऱ्या समुदायाला उद्देशून आहे. उत्तर मात्र एकवचनी आहे. ‘क्रेदो’ म्हणजे ‘मी श्रद्धा ठेवतो’. शेजारी उभ्या असलेल्या आई-वडिलांच्या, भावंडांच्या वा गावकऱ्यांच्या वतीने हे उत्तर कोणालाही देता येत नाही. कॅथॉलिक परंपरेत श्रद्धा समुदायाकडून मिळते. पण ती स्वीकारण्याचा शब्द ज्याचा त्यानेच उच्चारायचा असतो. जन्माने लाभलेली श्रद्धा आणि जाणतेपणी केलेली निवड यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न या एका शब्दात सामावलेला आहे.

धर्मग्राम: वारशाचे घर

‘पॅरिश’ या संज्ञेसाठी मराठी कॅथॉलिकांनी ‘धर्मग्राम’ हा शब्द रुजविला आहे. १९८३ च्या चर्च कायदेसंहितेनुसार धर्मग्राम म्हणजे केवळ चर्चची इमारत नव्हे, तर धर्मगुरूच्या देखरेखीखाली असलेला श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय होय. सामान्यतः त्याची हद्द भौगोलिक असते. ज्या हद्दीत घर, तो आपला धर्मग्राम. म्हणजे सदस्यत्वाच्या मुळाशी व्यक्तीची निवड नसून जन्म आणि वास्तव्य यांचा योगायोग असतो.

या समुदायाची स्मृती नोंदवह्यांत जतन केलेली असते. बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी ठेवण्याचा दंडक ट्रेंट येथील परिषदेने १५६३ मध्ये घालून दिला. आजही बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्या व्यक्तीचे पुढील दृढीकरण, विवाह किंवा धर्मगुरुपदाची दीक्षा यांचीही नोंद केली जाते. या वहीत जन्मतारीख असते, आई-वडील व धर्ममातापिता यांची नावे असतात. ‘मी ही श्रद्धा मनापासून स्वीकारली’ असे त्या व्यक्तीला ज्या दिवशी वाटले, त्या दिवसासाठी मात्र तिच्यात रकाना नाही.

बाळाचे उत्तर कोण देते?

तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा, म्हणजेच स्नानसंस्कार, ही कॅथॉलिक चर्चची प्राचीन प्रथा आहे. जुन्या विधीत धर्मगुरू बाळाला त्याच्या नावाने संबोधून श्रद्धेविषयीचे प्रश्न विचारीत आणि धर्ममातापिता बाळाच्या वतीने उत्तर देत. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या विधीत हे बदलले. आता प्रश्न आई-वडील व धर्ममातापिता यांनाच विचारले जातात आणि ते स्वतःच्या श्रद्धेची कबुली देतात. त्या श्रद्धेच्या छायेत बाळाला संस्कार मिळतो.

हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण त्याचा अर्थ खोल आहे. बाळाच्या तोंडी दुसऱ्यांनी शब्द घालणे चर्चने थांबविले. बाळाचे स्वतःचे उत्तर त्याच्यासाठी राखून ठेवले गेले. त्याचबरोबर पालकांवरील जबाबदारीही वाढली. मूल कॅथॉलिक श्रद्धेत वाढविले जाईल अशी साधार आशा मुळीच नसेल, तर बाप्तिस्मा पुढे ढकलावा, असे चर्चचा कायदा सांगतो.

जुना वाद, नवा विधी

हे राखून ठेवलेले उत्तर केव्हा आणि कसे घ्यावे, यावर युरोपात मोठा वाद झाला आहे. डच विद्वान इरॅस्मस याने १५२२ मध्ये सुचविले, की बाप्तिस्मा झालेली मुले जाणती झाल्यावर त्यांना धर्मशिक्षण द्यावे आणि धर्ममातापित्यांनी त्यांच्या वतीने दिलेली वचने मान्य आहेत काय, असे विचारावे. १५२५ मध्ये झुरिकमधील एका गटाने त्याहून पुढचे पाऊल टाकले. बालपणीचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, असे म्हणून त्यांनी प्रौढांना नव्याने बाप्तिस्मा दिला. या प्रवाहाला ‘ॲनाबाप्टिस्ट’, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे, असे नाव पडले आणि अनेकांना त्यासाठी प्राण गमवावे लागले.

ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये दोन्ही मार्ग नाकारले. बाप्तिस्म्याने आत्म्यावर न पुसली जाणारी मुद्रा उमटते, म्हणून तो पुन्हा देता येत नाही, असे तिने ठरविले. मोठ्या झालेल्या मुलांना वचने मान्य आहेत काय असे विचारावे आणि नकार दिल्यास संस्कारांपासून दूर ठेवण्यापलीकडे कोणतीही सक्ती न करता त्यांना सोडून द्यावे, हे मतही तिने त्याज्य ठरविले. त्या काळातील चर्चला श्रद्धेच्या बाबतीत ‘नाही’ हे उत्तर ऐकून घेण्याची तयारी नव्हती.

तरीही वचनांच्या नूतनीकरणाची गरज जाणवतच राहिली. फ्रान्समधील मोंतफोर्टचे संत लुई (१६७३–१७१६) गावोगावच्या धर्मग्रामांत प्रवचनमाला घेत आणि तिच्या सांगतेला लोकांकडून बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करून घेत. लिहिता येणाऱ्यांनी त्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी, अशी त्यांची रीत होती. पुढे पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये ईस्टर जागरणविधी पुन्हा रात्रीच्या वेळी करण्यास अनुमती दिली आणि त्यात वचनांच्या नूतनीकरणाचा समावेश केला. त्यामुळे प्रवचनकारांची ही प्रथा साऱ्या चर्चच्या वार्षिक उपासनेचा भाग झाली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीचे घोषणापत्र स्वीकारले. श्रद्धा ही माणसाने देवाला मोकळेपणाने दिलेली साद असते, म्हणून कोणालाही सक्तीने ती स्वीकारायला लावता येणार नाही, ही भूमिका तेथे स्पष्ट झाली. ट्रेंटचा एक निर्णय अबाधित राहिला, तो म्हणजे बाप्तिस्मा एकदाच. सक्तीचा विचार मात्र मागे पडला.

दृढीकरण: निवडीचा उंबरठा

स्वतःच्या तोंडाने उत्तर देण्याचा पहिला गंभीर प्रसंग बहुधा दृढीकरणाच्या संस्कारात येतो. बिशप उमेदवारांना बाप्तिस्म्याचीच वचने पुन्हा विचारतात, त्यानंतर त्यांच्या कपाळावर पवित्र तेलाचे लेपन करतात. उमेदवार जाणता असेल तर त्याला योग्य शिक्षण मिळालेले असावे, त्याच्या मनाची तयारी असावी आणि बाप्तिस्म्याची वचने स्वतः नव्याने उच्चारण्यास तो समर्थ असावा, अशी कायद्याची अट आहे.

अडचण येथेच सुरू होते. हा संस्कार अनेक धर्मग्रामांत किशोरवयात दिला जातो. वर्गातील सारी मुले एकाच दिवशी रांगेत उभी असतात. घरी पाहुणे जमलेले असतात, जेवणाचा बेत ठरलेला असतो. पुढे विवाह चर्चमध्ये व्हायचा तर दृढीकरण झालेले बरे, हा व्यवहारही घरातल्या मोठ्यांच्या मनात असतो. अशा वेळी ‘मी श्रद्धा ठेवतो’ हे उत्तर मनातून आले की केवळ रीत म्हणून ओठांवर आले, हे बाहेरून ओळखता येत नाही. ज्याच्या मनात शंका आहेत, त्याला ‘मला आणखी एक वर्ष हवे’ असे म्हणण्याची मुभा कागदावर असते. घरात आणि गावात ती मिळतेच असे नाही. अशा मुलाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणारा धर्मगुरू किंवा धर्मशिक्षक भेटला, तर विलंबाने आलेले उत्तर अधिक खरे ठरू शकते.

याउलट प्रौढ वयात चर्चमध्ये प्रवेश करणाऱ्यांसाठी १९७२ च्या विधीने प्राचीन काळातील टप्प्याटप्प्याची दीक्षापूर्व साधना पुन्हा प्रचारात आणली. चौकशीचा काळ, धर्मशिक्षण, प्रायश्चित्तकाळातील अंतिम तयारी आणि ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा, असा तो क्रम आहे. या वाटेने आलेल्या व्यक्तीचे उत्तर त्याच रात्री, जन्मजात कॅथॉलिकांच्या शेजारी उभे राहून दिले जाते. वारसा लाभलेल्यांना आपण कशाला होकार देत आहोत, याची आठवण अशा सोबतीतून होते.

वसईची साक्ष

वारसा आणि निवड यांचे नाते वसईच्या इतिहासातही दिसते. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि त्यांच्या राजवटीत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. त्यात राजसत्तेचा प्रभाव होताच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी वसई जिंकली आणि तो राजाश्रय संपला. तरीही येथील ख्रिस्ती समाज टिकला. सत्तेच्या छायेत मिळालेली श्रद्धा सत्ता गेल्यावर राखणे, यालाही एका अर्थाने निवडच म्हणावे लागेल. बोली, पेहराव आणि लोकगीते स्थानिकच राहिली. घरापुढचा क्रूस आणि संध्याकाळची जपमाळ त्यांच्या सोबतीने नांदली. मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा होऊन १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत अस्तित्वात आला आणि थॉमस डाबरे त्याचे पहिले बिशप झाले.

याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया यांची कथा व्यक्तिगत निवडीची आहे. जपानमध्ये मिशनऱ्यांच्या सहवासात राहिलेले आणि व्यापारातही वावरलेले गोन्सालो पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांना क्रूसावर मृत्युदंड देण्यात आला. १८६२ मध्ये ते संतपदी पोहोचले. श्रद्धा त्यांना बालपणीच मिळाली होती. तिची किंमत मात्र त्यांनी स्वतः मोजली.

नूतनीकरणाच्या वाटा

प्रत्येकाच्या वाट्याला असा कसोटीचा क्षण येत नाही. म्हणून धर्मग्रामाच्या जीवनात नूतनीकरणाच्या लहान-मोठ्या वाटा ठेवलेल्या आहेत. चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करणे ही बाप्तिस्म्याची रोजची आठवण आहे. पापनिवेदनात माणूस एकटा असतो. तेथे कुटुंबाच्या पुण्याईचा आधार घेता येत नाही.

लोयोलाच्या संत इग्नेशियस यांची आध्यात्मिक साधना १५४८ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. तिच्या केंद्रस्थानी ‘निवड’ हीच संकल्पना आहे. इग्नेशियस स्वतः जन्माने कॅथॉलिक होते. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत जखमी होऊन अंथरुणावर पडल्यानंतर त्यांनी त्या श्रद्धेकडे नव्याने पाहिले. एकांतात तीस दिवस राहणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी कामधंदा सांभाळून रोज काही वेळ ही साधना करावी, अशी सोय त्यांच्या ग्रंथातच आहे.

अमेरिकेत १९६७ मध्ये सुरू झालेली कॅरिस्मॅटिक चळवळ पुढे भारतातही पसरली. पवित्र आत्म्याचा अनुभव म्हणजे नवा बाप्तिस्मा नसून पूर्वी मिळालेल्या बाप्तिस्म्याची जागृती होय, असे ही चळवळ मानते. लघु ख्रिस्ती समूहांची वाट अधिक शांत आहे. शेजारची काही कुटुंबे एखाद्या घरी जमतात, शुभवर्तमानातील उतारा वाचतात, मनाला भिडलेले शब्द पुन्हा उच्चारतात, मौन पाळतात, अनुभव सांगतात आणि एखादी कृती ठरवून उठतात. ती कृती आजारी शेजाऱ्याची शुश्रूषा असेल किंवा तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करणे असेल. चर्चमध्ये दिलेले उत्तर खरे होते की नाही, याची पारख येथे होते.

यांपैकी कोणतीही वाट एकदाच चालून संपत नाही. पंचविशीत नोकरीसाठी गाव सोडलेला तरुण, चाळिशीत आजारपण पाहिलेली गृहिणी आणि जोडीदार गमावलेला वृद्ध हे तिघे त्याच प्रश्नाला वेगवेगळ्या मनाने सामोरे जातात. म्हणूनच विधी दर वर्षी प्रश्न पुन्हा विचारतो. मागील वर्षीचे उत्तर यंदा गृहीत धरत नाही.

ईस्टरच्या रात्री उत्तरे संपल्यावर धर्मगुरू समुदायातून फिरत सर्वांवर पवित्र पाणी शिंपडतात. ज्याने ठामपणे उत्तर दिले त्याच्यावर, ज्याचा आवाज अडखळला त्याच्यावर आणि ज्याने यंदा ओठ मिटून ठेवले त्याच्यावरही ते पाणी पडते.