हिरडीतून रक्त येतंय? दात घासणं थांबवू नका

जव्हार/मोखाडा : दात घासताना रक्त आलं की आपल्याकडे बरेच जण ‘उष्णता झाली’ म्हणतात आणि घासणंच सोडतात. पुढे दात हलतो, मग काढावा लागतो. खरं कारण वेगळं आहे.

रोग कसा होतो?
हिरडीच्या कडेला दातांवर जंतूंचा चिकट थर बसतो. तो चूळ भरून जात नाही, घासूनच निघतो. १९६५ मध्ये डेन्मार्कात हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर त्या बऱ्या झाल्या.

प्रयोगशाळेत काय करतात?
माणसाच्या तोंडात रोग यापुढे वाढू देणं बरोबर नाही. म्हणून हिरडीच्या पेशी बशीत वाढवून त्यांवर तोंडातले जंतू सोडतात. अडचण अशी, की पेशींना ऑक्सिजन लागतो, तर हिरडीच्या खोल फटीतल्या ‘पोर्फायरोमोनास जिंजिव्हालिस’सारख्या जंतूंना तो सोसत नाही. त्यामुळे दोघांना थोडाच वेळ एकत्र ठेवता येतं.

तरी एक गोष्ट कळली. जंतू लागताच पेशी सूज आणणारी रसायनं सोडतात. तोंडात ही सूज फार दिवस राहिली की दात धरून ठेवणारं हाड झिजतं. डुकरं हाकलताना आपणच पीक तुडवावं, तसं हे. झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

साध्या बशीत लाळ नसते, रक्त नसतं. त्यामुळे तिथे चाललेलं औषध तोंडात चालेलच असं नाही.

आपण काय करावं?
• रोज दोनदा मऊ ब्रशने घासा. दातवण असेल तर टोक चावून मऊ करा, हिरडीच्या कडेने हळू फिरवा.
• मिश्री, तंबाखू, गुटखा बंद करा. बिडी ओढणाऱ्याला रक्त कमी येतं, म्हणून रोग लपून राहतो.
• साखरेचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी जास्त जपावं.
• दोन आठवड्यांत रक्त थांबलं नाही, पू आला किंवा दात हलला तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. घट्ट झालेलं किटण तेच काढतात.

जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय आहे, मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय. दातांचे डॉक्टर कोणत्या दिवशी भेटतील, हे आशाताईंना विचारूनच घरून निघा. गाडीभाडं वाया जायला नको.