तंजावरचा मराठी दरबार, श्वार्ट्झ पाद्री आणि पाश्चात्य वाद्यें

शिरूर येथील आमचे एक संग्राहक स्नेही गेल्या हिंवाळ्यांत एका जुन्या चर्चमध्यें भर दुपारीं झालेल्या पियानोवादनास गेले होते. तिकीट नव्हतें, कोणींहि यावें, बांकावर बसावें व ऐकावें, अशी ती बैठक होती. लंडनमधील सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स, पिकॅडिलीचें सेंट जेम्स इत्यादि जुन्या चर्चांतून मध्यान्हीच्या सुटींत असें वादन ठेवण्याची चाल आहे, तिचेंच हें अनुकरण. वादनापूर्वीं दोन शब्द बोलणाऱ्या गृहस्थांनीं सांगितलें कीं, हीं वाद्यें मराठ्यांस नवीं नाहींत. तंजावरच्या सरफोजी राजाच्या पदरीं असलेल्या कलावंतांस श्वार्ट्झ पाद्र्यानें चर्चच्या आश्रयानें तीं शिकविलीं, आणि प्रसिद्ध वडिवेलु हा त्याचाच शिष्य. स्नेह्यांनीं पत्रीं पुसलें आहे कीं, यांत खरें किती? प्रश्न अल्प दिसला तरी मराठी दरबाराच्या एका कर्तृत्वाचें श्रेय कोणास द्यावयाचें हें त्यावर अवलंबून आहे, म्हणून उत्तर येथें सविस्तर देतों.

प्रथम सनावळी पाहूं. ख्रिश्चन फ्रीड्रिख श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री १७२६ त जन्मला, १७५० त तरंगमबाडीस उतरला आणि १७७८ पासून तंजावरास राहिला. तेथील शिवगंगा कोटांतील चर्च १७७९ चें. तो ता. १३ फेब्रुवारी १७९८ (शके १७१९) रोजीं वारला. वडिवेलु हा 'तंजावरचे चौघे बंधु' म्हणून गाजलेल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु यांपैकीं धाकटा. त्याचा जन्म १८१० चा. चौघांत थोरला जो चिन्नय्या, तोहि १८०२ चा. म्हणजे गुरूच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं थोरला व बारा वर्षांनीं धाकटा शिष्य जन्मास आला! ही कथा छापील ग्रंथांतून एकमेकांच्या आधारें फिरत आहे. कोणीं दोन सन शेजारीं मांडून पाहिलेले दिसत नाहींत. श्वार्ट्झच्या मागून कोलहॉफ नांवाचा पाद्री तंजावरास पुष्कळ वर्षें होता. लोकांच्या तोंडीं धाकट्याचें काम थोरल्याच्या नांवावर चढणें अशक्य नाहीं, परंतु तो तर्क होय, पुरावा नव्हे.

श्वार्ट्झचा खरा संबंध निराळा आणि मोठा आहे. तुळजाजी राजानें १७८७ त दत्तक घेतलेल्या सरफोजीचा तो पालक होता. दरबाराशीं बोलतां यावें म्हणून तो मराठी शिकला होता. अमरसिंगाच्या कारकीर्दींत मुलाचे हाल होऊं लागले, तेव्हां त्याच्या रक्षणासाठीं व हक्कासाठीं तो कंपनी सरकाराकडे झगडला. १७९३ त सरफोजी मद्रासेस गेला आणि १७९८ च्या जूनमध्यें गादीवर आला. तोंपर्यंत श्वार्ट्झ नव्हता. या उपकारांची फेड राजानें संगमरवरांत केली. लंडनच्या जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून त्यानें एक शिलापट करविला, तो तंजावरच्या त्या चर्चमध्यें आहे. पाद्री मृत्युशय्येवर पडला आहे, राजा त्याचा हात धरून उभा आहे, जवळ मुलें आहेत. थडग्यावरील इंग्रजी कविताहि राजानेंच रचिलेली. हिंदु राजानें, आपला धर्म न सोडतां, ख्रिस्ती पाद्र्याचें असें स्मारक ख्रिस्ती मंदिरांत उभारावें ही गोष्ट इतकी विलक्षण आहे कीं, तिला वाद्यशिक्षणाच्या कल्पित कथेची जोड देण्याचें कांहींच कारण नाहीं. पुण्याच्या कॅम्पांतील सेंट मेरी चर्चची प्रतिष्ठापना १८२५ त करणारा बिशप हेबर हाच पुढील वर्षीं ईस्टरच्या सुमारास तंजावरास आला, सरफोजीस भेटला व त्याच्या ज्ञानाचें कौतुक लिहून गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो त्रिचनापल्लीस वारला.

मग वाद्यें आलीं कोठून? आमच्या मतें चर्चमधून नव्हे, तर मद्रासच्या किल्ल्यांतील पलटणींच्या बँडांतून आणि राजवाड्याच्या स्वतःच्या हौसेनें. याचा चांगला दाखला मुत्तुस्वामी दीक्षितांच्या घराण्यांत आहे. मद्रासेजवळील मणली येथील मुद्दुकृष्ण मुदलियार यांच्या आश्रयास हें कुटुंब असतां त्यांस कंपनीचा बँड ऐकावयास मिळाला. धाकटा भाऊ बालुस्वामी तेथें फिडल शिकला; मुत्तुस्वामींनीं त्या गोऱ्या चालींवर संस्कृत पदें रचिलीं. यांस 'नोट्टुस्वर' म्हणतात. सुमारें चाळीस आहेत आणि सारीं शंकराभरण रागांत आहेत. त्यांतील एकाची चाल तर इंग्रज राजाच्या जयगीताचीच आहे! वर सांगितलेले चौघे बंधु याच दीक्षितांचे शिष्य. म्हणजे वडिवेलूच्या हातीं फिडल येण्यास पाद्र्याची गरजच उरत नाहीं.

राजवाड्याची बाजू याहून स्पष्ट आहे. सरफोजीचा मंत्री वराहप्पा दीक्षित पंडित हा इंग्रजी जाणणारा होता, आणि तो मद्रासेस फिडल व पियानो शिकून आला अशी परंपरा आहे. सरस्वतीमहालांत युरोपीय संगीताचे कागद आहेत. १७९९ च्या तहानें राज्यकारभार कंपनीकडे गेला; राजाच्या हातीं उरला तो किल्ला, वाडा आणि वेळ. त्या वेळाचें सरफोजीनें काय केलें पाहा: १८०३ त बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठींत कोरविला, छापखाना घालून १८०६ त 'बालबोधमुक्तावली' छापविली, 'देवेंद्रकोरवंजी' लिहून नाटकांतून भूगोल शिकविला. अशा पुरुषानें पाश्चात्य वाद्यें कोणाच्या उपदेशावांचून आणविलीं असतील यांत नवल तें काय?

येथें एक शंका उरते. एकाच दरबारांत, एकाच पिढींत दोन्ही वाद्यें आलीं. फिडल दक्षिणेच्या संगीतांत असें मुरलें कीं आज त्यावांचून बैठक होत नाहीं, आणि पियानो मात्र दिवाणखान्यांतच राहिला. याचें कारण वाद्याच्या घडणींत आहे. पियानोंत किल्ली दाबली कीं हातोडी तारेवर पडते; एकदां पडली कीं त्या स्वरास वाकवितां येत नाहीं, तो फक्त विरत जातो. एका सप्तकांत बारा ठोकलेले स्वर, त्यांच्यामधली वाट बंद. गमकांवर उभें असलेलें गाणें तेथें मावत नाहीं. फिडलवर बोट तारेवरून घसरतें आणि गळा जातो तेथें जातें. नोट्टुस्वरें मात्र गमकावांचून असल्यामुळें पियानोवर जशींच्या तशीं वाजतील. चर्चमधील त्या बैठकींत परदेशी गतींबरोबर यांतील एक तरी वाजविली असती, तर प्रास्ताविकापेक्षां अधिक इतिहास श्रोत्यांच्या कानीं पडला असता.

आतां एक विनंति. शिरूर ही जुनी छावणी. कर्नल वॉलेस याचें १८०९ चें थडगें, ज्यास आसपासचे लोक सत्पुरुष म्हणून मानीत आले, तेथेंच आहे. १८४१ पासून तेथें अमेरिकन मराठी मिशनचें ठाणें होतें. दौंडास १८५८ त आगगाडी आली व पुढें मनमाडचा फांटा फुटल्यावर रेल्वेची वसाहत वाढली. पलटण, मिशन व रेल्वे या तिन्हींबरोबर बँडच्या वह्या, उपासनेचीं गीतपुस्तकें व पेटीवर वाजविण्याचे कागद आले असले पाहिजेत. बखर किंवा सनद सांपडली तर आम्ही धांवतों. पांच समांतर रेघांवर ठिपके काढलेला कागद दिसला कीं मुलांचा खेळ समजून रद्दींत टाकतों. तंजावरचे कागद राहिले ते राजाचें ग्रंथालय राहिलें म्हणून. शिरूर-दौंडच्या कागदांस तसें छत्र नाहीं. ज्यांच्या संग्रहीं अशीं पुस्तकें अथवा सुटे कागद असतील त्यांनीं मंडळास कळवावें. आणि मुखपृष्ठावर किंवा समासांत मालकाचें नांव, पलटणीचा क्रमांक, गांव वा साल लिहिलेलें असल्यास तें पुसूं न देतां जसेंच्या तसें उतरून पाठवावें.