भिंगाची जागा
वाढत्या वयाचा मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे, एवढेच आपण धरून चालतो. पण वयाबरोबर हे भिंग जाडही होते आणि काहींच्या डोळ्यात त्याला तोलून धरणारे तंतू सैल पडून ते कलते. म्हणूनच मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा इतिहास गढूळपणा काढण्याइतकाच भिंगाची योग्य जागा शोधण्याचा आहे, असे मला ठामपणे वाटते. भारतात शतकानुशतके सुईने भिंग नजरेच्या वाटेतून खाली ढकलून मोतीबिंदू ‘पाडत’. रुग्णाला लगेच दिसू लागे, पण पुढे जंतुसंसर्गाने किंवा दाब वाढून कित्येक डोळे कायमचे जात. मद्रासचे रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९१७ साली या पद्धतीवर पुस्तक लिहून तिचे दुष्परिणाम मांडले. त्याआधीच, १७४७ मध्ये, फ्रान्समध्ये जाक दाव्हिएल यांनी भिंग बाहेर काढून दाखवले होते. मात्र त्यामुळे जागा रिकामी राहिली. महाराष्ट्रातल्या नेत्रशिबिरांतून घरी परतणाऱ्या वृद्धांच्या नाकावरचा जाड चष्मा ही उणीव भरून काढी, पण डोळ्याबाहेर असल्याने तो सारे सुमारे पावपट मोठे दाखवी. आणि तो फुटला की पुन्हा अंधत्व.

२९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी ती जागा ॲक्रिलिकच्या भिंगाने भरली. त्यांची भिंगे पुष्कळदा निसटत. पुढे बुबुळासमोर बसवलेल्या भिंगांनी पारपटलाला इजा केली. तोडगा १९८०च्या दशकात निघाला: जर्मनीत थॉमस नॉयहान आणि कॅनडात कॅल्गरीचे हॉवर्ड गिंबेल यांनी भिंगाच्या वेष्टनाला अखंड गोल तोंड पाडण्याची रीत घडवली. सुमारे साडेपाच मिलिमीटरचे तोंड आत बसवलेल्या सहा मिलिमीटरच्या भिंगाची कड चहूबाजूंनी धरते, म्हणून ते मध्यभागी, न कलता राहते. हे श्रेय यंत्राला किंवा नव्या पदार्थाला द्यावे, असे कोणी म्हणेल. पण रिडली यांचे ॲक्रिलिक पुढेही दशकानुदशके वापरात होते, आणि यंत्राविना होणाऱ्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियेतही भिंग त्याच वेष्टनात बसते. बदलली ती बैठक.

दिसू लागल्यावर मिलिमीटर कशाला मोजायचे, हा आक्षेपही टिकत नाही. भिंग एक मिलिमीटर पुढेमागे झाले, तर चष्म्याचा नंबर एक डायॉप्टरहून अधिक बदलू शकतो. तिरपा नंबर घालवणारे भिंग तीस अंश फिरले, तर त्याचा तो उपयोगच संपतो. ही अचूकता पैसेवाल्यांची चैन ठरू नये, याची वाट कॅल्गरीच्या पूर्वेला रस्त्याने साडेसातशे किलोमीटरवरच्या रेजिनाने दाखवली. तिथल्या विधानसभेच्या कायद्यांमुळे सस्कॅचेवन प्रांतात १९४७ पासून रुग्णालयाचा आणि १९६२ पासून, डॉक्टरांच्या संपाला तोंड देऊन, डॉक्टरांचा खर्च सार्वजनिक विम्यात आला. महाराष्ट्रातही १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला. अशा कामाची मोजदाद केवळ शस्त्रक्रियांच्या संख्येने होऊ नये. प्रत्येक वृद्धाच्या डोळ्यात भिंग कुठे आणि कसे बसले, हेही तितक्याच काटेकोरपणे तपासले गेले पाहिजे.