बबल लेटर्स कशी काढतात? मराठी अक्षरं काढताना काय सांभाळायचं?

फुग्यासारखी गुबगुबीत दिसणारी अक्षरं म्हणजे बबल लेटर्स. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये फेज २ या ग्राफिटी कलाकारामुळे ही शैली गाजली. आज ती वाढदिवसाच्या कार्डांवर आणि शाळेच्या प्रोजेक्टवरही दिसते.

बबल लेटर्स कशी काढायची?

१. पेन्सिलने शब्द फिकट लिहा. अक्षरांमध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा.
२. प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर ठेवून बाहेरची रेषा काढा. कोपरे गोल करा.
३. अक्षरातल्या पोकळ्या लहान होतील, पण त्या पूर्ण बुजवू नका.
४. बाहेरची रेषा स्केचपेनने गिरवा. शाई वाळली की आतली पेन्सिल खोडा.
५. रंग भरताना प्रत्येक अक्षराच्या वरच्या डाव्या बाजूला छोटा पांढरा ठिपका सोडा आणि खाली उजवीकडे सावली द्या. अक्षर फुगीर दिसतं ते यामुळेच.

मराठीत गडबड कुठे होते?

शिरोरेषेत. 'भ' आणि 'ध' यांच्या डोक्यावर शिरोरेषा तुटलेली असते. रेषा जाड झाली की ही फट भरून जाते. मग 'भ'चा 'म' होतो आणि 'ध'चा 'घ'. कार्डावर 'भाऊ' लिहायला जावं, तर वाचणाऱ्याला 'माऊ' दिसते!

म्हणून ही फट आधीच मोठी ठेवा आणि शिरोरेषा शेवटी फुगवा. मात्रा आणि अनुस्वारासाठी वर जागा राखा. रंग भरण्याआधी शब्द दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या. तो न अडखळता वाचला गेला, तरच पुढे जा.