कर्नल बदलला की वेग बदलतो

वेब सर्व्हरचा वेग एकट्या सर्व्हर प्रोग्रॅमवर ठरत नाही. कनेक्शन स्वीकारणे, फाइल वाचणे, ती नेटवर्कवर पाठवणे ही कामे अखेर ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलकडे, म्हणजे तिच्या गाभ्याकडे, जातात. त्यामुळे कर्नल बदलला की त्याच यंत्रावर, त्याच सर्व्हरचे आकडे बदलू शकतात.

हा वेग मोजण्याची साधने १९९० च्या दशकात तयार झाली. १९९५ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सचे वेबस्टोन आले, त्यामागोमाग स्पेकवेब९६. पुढे एचपीच्या प्रयोगशाळेत तयार झालेले एचटीटीपर्फ सर्व्हर अडखळला तरी ठरलेल्या दराने विनंत्या पाठवत राही, त्यामुळे सर्व्हर कुठे कोलमडतो ते उघड होई.

एप्रिल १९९९ मध्ये माइंडक्राफ्ट या चाचणी कंपनीने मायक्रोसॉफ्टसाठी केलेली चाचणी गाजली. चार प्रोसेसरांच्या डेल यंत्रावर विंडोज एनटी वेब सर्व्हर म्हणून लिनक्सच्या ३.७ पट वेगवान ठरले. लिनक्सची मांडणी नीट केली नव्हती, असा आक्षेप आला. जूनमध्ये फेरचाचणी झाली, तरी एनटीच पुढे राहिले. दोष कर्नलमध्येच होता. लिनक्स २.२ मधील नेटवर्कचा बराचसा भाग एकाच लॉकखाली चाले, म्हणून चार प्रोसेसर असूनही तिथे एका वेळी एकालाच काम करता येई. शिवाय नवे कनेक्शन आले की त्याची वाट पाहणाऱ्या सगळ्या प्रोसेस जाग्या होत. एकीला ते मिळे आणि बाकीच्या पुन्हा झोपी जात. जानेवारी २००१ च्या २.४ कर्नलमध्ये हे दोन्ही दोष दूर झाले.

डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलने अनेक कनेक्शनांवर नजर ठेवण्याची ईपोल ही सोय दिली. जुन्या सिलेक्ट आणि पोल पद्धतींत दर वेळी सगळी कनेक्शन तपासावी लागत. ईपोल फक्त तयार असलेली कनेक्शन दाखवते. मात्र सर्व्हर ही सोय वापरत नसेल, तर कर्नल बदलूनही तिचा लाभ मिळत नाही. २००४ मध्ये आलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरने तिचा पुरेपूर उपयोग केला.

नवा कर्नल नेहमी वेगवानच असतो असेही नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन हा प्रोसेसरांमधील दोष जाहीर झाल्यावर कर्नलची मेमरी वेगळी ठेवणारी दुरुस्ती आली. तिच्यामुळे बाधित प्रोसेसरांवर प्रत्येक सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडे केलेली कामाची मागणी, महागला, आणि वेब सर्व्हर असे कॉल सतत करतो.

म्हणून अपग्रेडपूर्वीचे आकडे हाती नसतील, तर नंतरच्या आकड्यांना अर्थ उरत नाही. दोन्ही वेळी यंत्र, फाइली आणि सर्व्हरची आवृत्ती तीच हवी. विनंत्या दुसऱ्या यंत्रावरून याव्यात. चाचणी अनेकदा व्हावी. सरासरीबरोबर सर्वांत संथ १ टक्का प्रतिसादही पाहावेत, कारण सरासरीत ते दडून जातात. कर्नलची मूळ सेटिंग्जही ताडून पाहावी लागतात. लिनक्स ५.४ मध्ये स्वीकारण्याच्या प्रतीक्षेतील कनेक्शनांच्या रांगेची मूळ मर्यादा १२८ वरून ४०९६ झाली. अशा वेळी वाढलेल्या वेगाचे श्रेय नव्या कोडचे की नव्या मर्यादेचे, हे जुनी मर्यादा लावून पुन्हा मोजल्यावरच ठरते.