भिक्षूचा ढोल
इ. स. १९३३ मध्ये जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटले. ढोलाच्या तालावर मंत्र म्हणणे, ही त्यांच्या पंथाची प्रार्थना.

ढोलाचे कातडे थरथरले की लगतची हवा आळीपाळीने दाट व विरळ होते. हा कंप सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने आपल्या कानी येतो. हवेचे कण मात्र जागच्या जागीच डोलतात. प्रवास करतो तो केवळ कंप.

पुढे महायुद्धात जपान शत्रुराष्ट्र ठरले. सेवाग्राम आश्रमात राहणाऱ्या फुजींच्या शिष्यास पोलिसांनी नेले. जाताना त्याने आपला ढोल बापूंपाशी ठेवला. त्याचा मंत्र आश्रमाच्या नित्य प्रार्थनेत राहिला. वाजवणारा दूर गेला. त्याने उठवलेली लहर इतरांच्या कंठांतून पुढे सरकत राहिली.